ओटल्यावरचे इंदूर

आमच्या इंदूरच्या गल्लीत दिवाळी एकाच रात्री यायची, पण दोन वेगवेगळ्या महिन्यांत. आमच्या घरी ती आश्विनातली अमावास्या असे आणि समोरच्या मालवी कुटुंबात तीच अमावास्या कार्तिकातली. लहानपणी मला याचा उलगडा होत नसे. एकच चंद्र, एकच गल्ली, मग महिना निराळा कसा? आजीने एकदा अंगणात बसून बोटांच्या पेरांवर समजावून दिले. "आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पुनवेला. उजेडाचा पंधरवडा दोघांचा एकाच नावाचा. अंधाराचा लागला की ते आपल्यापुढे एक महिना जातात. अमावास्या ओलांडली की आपण त्यांना गाठतो."

वर्षांचाही असाच घोळ होता. आजीचे पंचांग शालिवाहन शकाचे, समोरच्या आजोबांचे विक्रम संवताचे. उज्जैन तिथून हाकेच्या अंतरावर, तेव्हा विक्रमाचा अधिकार मोठा! दोन्हींत १३५ वर्षांचे अंतर. पण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दोन्ही घरांच्या ओटल्यांवर पणत्या लागत, त्या एकाच वेळी. इतिहास विषय घेऊन एम.ए. झालो, पुढे तीसेक वर्षे तोच विषय मुलांना शिकवला. तरी कालगणनेचा याहून सोपा धडा मला दुसरीकडे सापडला नाही.

ओटला हा शब्द इथल्या वाचकांना थोडा वेगळा वाटेल. आपण ओटा म्हणतो, इंदुरात ओटला. रस्त्याला लागून, घराच्या उंबऱ्यासमोर बांधलेला तो दगडी चौथरा. राजवाड्यापासून पायी पाच-सात मिनिटांवर, पंढरीनाथाच्या देवळाच्या बाजूला, एका जुन्या वाड्यात आम्ही भाड्याने राहत होतो. माझा जन्म १९७०चा. वाड्यात चार मराठी बिऱ्हाडे होती. समोर मालवी कुटुंब, डावीकडे मारवाडी किराणावाले, कोपऱ्यावर एक बोहरी कुटुंब आणि त्यापलीकडे फाळणीनंतर आलेले सिंधी काका. सकाळी ओटल्यावर वर्तमानपत्र, दुपारी वाळवणे आणि पापड, संध्याकाळी आम्हा मुलांचा अभ्यास आणि रात्री जेवणानंतर मोठ्यांच्या गप्पा, असा त्या चौथऱ्याचा दिनक्रम ठरलेला असे.

या ओटल्यावरची मराठी पुण्याच्या पाहुण्यांना चालत नसे. "काय करून राहिला रे?" असे मी मावसभावाला विचारले की तो खो खो हसे. आम्ही मित्राला 'भिया' म्हणत असू, भंगाराला 'अटाला' म्हणत असू आणि पोह्यांवर ओल्या खोबऱ्याऐवजी शेव आणि जीरावन घालून, वर जिलबीचे वेटोळे घेऊन ते खात असू. आजीला हे पोहे पसंत नव्हते, पण रविवारी सकाळी कढईचा वास गल्लीत शिरला की तीच हळूच म्हणे, "आण रे दोन पुडे, आजोबांसाठी." पुडे येत दोन आणि दुसरा आजीच संपवीत असे.

आजोबा १९२८ साली होळकर संस्थानच्या हिशेबी खात्यात कारकून म्हणून लागले. त्यांचे आजोबा सातारकडून माळव्यात आले होते, एवढेच घरात सांगितले जाई. मराठी माणूस इतक्या दूर का गेला, हा प्रश्न मी आजोबांना ओटल्यावरच विचारला होता. त्यांचे उत्तर ठरलेले असे. "तलवार पुढे गेली, तिच्या मागून दौत-लेखणी गेली, आणि लेखणीच्या मागून पोळपाट-लाटणे."

या एका वाक्यात शे-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. जेजुरीजवळच्या होळ गावचे मल्हारराव होळकर पहिल्या बाजीरावाच्या काळात माळव्यात स्थिर झाले. १७६६ साली त्यांचे निधन झाले. पुत्र खंडेराव १७५४ सालीच कुंभेरीच्या वेढ्यात पडले होते. मल्हाररावांच्या मागे वर्षभरात नातू मालेरावही गेला आणि १७६७ पासून १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी राज्य केले, ते नर्मदेकाठच्या महेश्वरातून. तेव्हा इंदूर हे राजधानीचे शहर नव्हते. १८०१ साली शिंद्यांच्या फौजेने ते लुटले आणि जाळले, त्यात राजवाडाही सापडला. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा इंग्रजांकडून पराभव झाला, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर दरबार इंदुरात आला. म्हणजे आमचे शहर राजधानी झाले ते एका पराभवानंतर. लढाया संपल्या आणि कचेऱ्या वाढल्या. कचेऱ्यांना कारकून लागले, कारकुनांना घरे लागली, घरांना देवळे, शाळा, वाचनालये लागली. आमच्यासारख्या गल्ल्या अशा तयार झाल्या.

अहिल्याबाई मात्र आमच्या गल्लीत पाठ्यपुस्तकातून आल्या नाहीत. त्या नळातून आल्या. इंदुरात पाण्याचे हाल फार. नर्मदेचे पाणी शहरात आणावे म्हणून १९७० साली मोठे आंदोलन झाले आणि १९७८ साली मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सत्तरएक किलोमीटर अंतर आणि विंध्याचा चढ पार करून ते पाणी शहरात पोहोचले. मी आठ वर्षांचा होतो. वाड्याच्या नळाला पहिल्यांदा ते पाणी आले तेव्हा आजीने नळाला हळदीकुंकू वाहिले, समोरच्या काकींनी नारळ फोडला आणि कोपऱ्यावरच्या बोहरी चाचींनी सगळ्या मुलांना शेवया वाटल्या. आजी म्हणाली, "महेश्वराकडून आलंय. बाईंनी धाडलंय." इतिहासाचा शिक्षक म्हणून मला हे वाक्य खोडावे लागेल, पण नातू म्हणून माझी ते खोडण्याची हिंमत नाही.

बाईंची पुण्यतिथी शहरात पालखी काढून साजरी होई. तिथेही पंचांगाची गंमत होतीच. आमच्यासाठी ती श्रावण वद्य चतुर्दशी, समोरच्यांसाठी भाद्रपद कृष्ण चतुर्दशी. पालखी मात्र एकच आणि तिच्यावर फुले टाकणारे हात कोणत्या महिन्यातले, हे कोणी विचारीत नसे. गणपतीतही तेच. गिरणी कामगार अनंत चतुर्दशीच्या रात्री झाँक्या काढीत. हुकुमचंद, मालवा, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी अशा गिरण्यांची नावे आम्हाला त्या दिव्यांच्या गाड्यांवरूनच पाठ झाली. वडिलांच्या खांद्यावर बसून, पहाटेपर्यंत डोळे ताणून त्या पाहिल्याचे आठवते. हुकुमचंद गिरणी १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली, इतरही थंडावल्या. पण कामगारांनी झाँक्या बंद पडू दिल्या नाहीत.

आजोबांचा स्वाभिमान कुठे होता हे मला क्रिकेटवरून कळले. मार्च १९४५ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघ मुंबईशी मुंबईत खेळला. महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून उतरला आणि त्याने नाबाद २४९ धावा केल्या. तरीही होळकर हरले. "आजोबा, मुंबई तर आपली, मराठी," मी म्हटले. आजोबा तडकले. "आपली? आपला सी. के.! आपला मुश्ताक!" सी. के. नायडू नागपूरचे, घरची भाषा तेलुगू. मुश्ताक अली इंदूरचेच, घरची भाषा उर्दू. आजोबांच्या लेखी हे दोघेही आपले आणि मुंबईकर मराठी असूनही परके. पुढच्याच हंगामात, १९४५-४६ साली, होळकर संघाने करंडक जिंकला आणि एकूण चार वेळा जिंकला. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, तरी संघ काही वर्षे होळकरांच्याच नावाने खेळत राहिला.

संस्थानाबरोबर मराठीचा दरबारी मान गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी भोपाळला गेली आणि आजोबांची नोकरीची शेवटची वर्षे हिंदी टिपणे लिहिण्यात गेली. याचे त्यांना दुःख होते का? मी विचारले तेव्हा त्यांनी १९३५ सालची गोष्ट सांगितली. त्या एका वर्षात इंदुरात दोन संमेलने झाली. हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते महात्मा गांधी. मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. सत्तावीस वर्षांचे आजोबा दोन्हीकडे स्वयंसेवक होते, एकीकडे पाणी देणारे, दुसरीकडे सतरंज्या घालणारे. "दोन्हीकडे सतरंज्या त्याच होत्या," ते म्हणत. त्याआधीही असेच घडले होते. १९१७ साली गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी संमेलन इंदुरात भरले आणि लगेच पुढच्या वर्षी, १९१८ साली, गांधीजींच्याच अध्यक्षतेखाली हिंदी संमेलन. दक्षिणेत हिंदी प्रचाराच्या कामाला चालना मिळाली ती या १९१८च्या संमेलनातून. एका शहराने दोन भाषांचा पाहुणचार केला आणि कोणाच्याही ताटातले कमी झाले नाही.

इंदूरच्या मोठ्या बसस्थानकाला सरवटे बसस्थानक म्हणतात. लहानपणी माझी खात्री होती की सरवटे म्हणजे बसगाड्यांचे मालक असावेत. पुढे कळले की विनायक सीताराम सरवटे हे संविधान सभेचे सदस्य आणि मराठी साहित्याचा साक्षेपी आढावा घेणारे ग्रंथकार. त्यांच्या कन्या शालिनीताई मोघे यांनी १९४७ साली बाल निकेतन संघ सुरू करून शहरातल्या बालशिक्षणाला वळण लावले. मराठी ग्रंथकाराच्या नावाच्या फलाटावरून रोज उज्जैन, देवास, खंडव्याच्या गाड्या सुटतात आणि 'सरवटे चलो' असे रिक्षावाल्याला हिंदीत सांगितले जाते. भाषा एखाद्या शहरात अशीही मुरते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो, ती सांगतो. इतके दिवस ती सांगण्याचे मी टाळत आलो.

आजोबांची एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात लाल फडक्यात बांधलेली दोन दप्तरे होती. त्यांच्या वडिलांची आणि आजोबांची पत्रे, घरखर्चाच्या चोपड्या, काही देण्याघेण्याचे कागद. सगळे मोडीत. मी आठवीत असताना आजोबांनी मला मोडी शिकवायचे ठरवले. रोज संध्याकाळी ओटल्यावर पाटी घेऊन बसायचे. चार दिवस मी बसलो. अक्षरे एकमेकांत गुंतलेली, शेवयांच्या गुंडाळीसारखी. गल्लीतली मुले लगोरी खेळताना मला हाका मारीत. पाचव्या दिवशी मी म्हणालो, "हे शिकून काय करायचंय? कोणी वाचत नाही आता." आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी पाटी पुसली आणि घरात नेऊन ठेवली. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

१९८४चा नोव्हेंबर आला. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि उसळलेल्या दंगलीत राजवाड्याचा मागचा भाग जळाला. खालचे मजले दगडाचे, वरचे लाकडाचे. त्या सात मजली वास्तूने याआधीही आग पाहिली होती. आमच्या गच्चीवरून धूर दिसत होता. वडिलांनी आम्हाला घराबाहेर पडू दिले नाही. आजोबा मात्र दाराआडून ओटल्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी मला ट्रंक माजघरात, त्यांच्या खाटेखाली आणून ठेवायला सांगितले. त्या रात्री ते ट्रंकेवर हात ठेवून झोपले. मला ते म्हातारपणाचे खूळ वाटले. पुढच्याच हिवाळ्यात ते गेले.

१९८६ साली आम्ही वाडा सोडला. शहराच्या पूर्वेला नव्या वसाहतीत दोन खोल्यांचे घर मिळाले होते. सामान आवरताना आईने मला 'अटाला' काढायला सांगितले. मोडका पंखा, जुनी भांडी, वर्तमानपत्रे. ट्रंकेला गंज चढला होता आणि कागदांना वाळवी लागू लागली होती. मी कोणालाही न विचारता दोन्ही दप्तरे अटालेवाल्याच्या तराजूत टाकली. तो त्यावरचे लाल फडके सोडून मला परत देत म्हणाला, "कपडा रख लो, भिया." त्या पैशांतून मी आणि माझा मित्र त्या रात्री सराफ्यात कचोरी खाऊन आलो.

पाच वर्षांनी मी इंदुरातच एम.ए.च्या वर्गात होतो. विद्यापीठाला १९८८ पासून देवी अहिल्याबाईंचे नाव मिळाले होते. साधनांची ओळख करून देताना प्राध्यापकांनी एका मोडी कागदाची छायाप्रत आमच्यापुढे ठेवली. संस्थानातल्या कोणा कारकुनाचे घरी लिहिलेले पत्र होते. धान्याचा भाव, पावसाची ओढ, मुलीच्या लग्नाची काळजी. सर म्हणाले, "दरबाराचे कागद दफ्तरखान्यात राहतात. अशी घरगुती पत्रे क्वचित मिळतात, कारण घरचे लोक ती टाकून देतात." मी मान खाली घातली. चार दिवसांच्या शिकवणीतली काही अक्षरे मला त्या कागदावर ओळखू आली, आणि तेवढीच ओळखू आली. आमचा मूळपुरुष सातारकडून कोणत्या साली निघाला, कोणाबरोबर निघाला, का निघाला, हे त्या दप्तरांत असेल किंवा नसेलही. आता ते कोणालाच कळणार नाही. १९८४च्या आगीतून जे वाचले होते, ते मी कचोरीपायी घालवले.

नंतर मी मोडी शिकलो. उशिरा शिकलो, पण शिकलो. नोकरीसाठी महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, या सीमेवरच्या जिल्ह्यात आलो आणि इथलाच झालो. इथल्या माझ्या शाळेतही मुले घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलतात, कधी एकाच वाक्यात दोन्ही वापरतात. नवे शिक्षक त्यांना टोकतात तेव्हा मला आमचा ओटला आठवतो. दोन भाषा शेजारी राहिल्याने इंदूरची मराठी अशक्त झाली, असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. दोनशे वर्षे ती हिंदीच्या, मालवीच्या, उर्दूच्या शेजारी राहिली आणि त्या शहराने २००१ साली पुन्हा एकदा, विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले. शेजारामुळे भाषा जात नाही. नातवाने पाटी बाजूला सारली की ती जाते. माझ्या घरात ती मी सारली. त्याचा दोष मी समोरच्या घरावर कसा ढकलू?

काही वर्षांपूर्वी इंदूरला गेलो होतो. राजवाड्याचा जळालेला भाग पुन्हा बांधून काढला आहे. आमच्या वाड्याच्या जागी दुकानांची इमारत उभी आहे आणि रस्ता रुंद झाल्याने त्या ओळीत एकही ओटला उरलेला नाही. समोरच्या कुटुंबातला माझ्याबरोबरचा मुलगा, आता आजोबा झालेला, दुकानात बसला होता. त्याने मला ओळखले आणि स्वच्छ मराठीत विचारले, "काय करून राहिला रे?" त्याची मराठी आमच्या आजीने ओटल्यावर शिकवलेली. इतकी वर्षे ती त्याने कोणाशी बोलून जपली, कोण जाणे.

दिवाळीच्या सुट्टीत मी आठवीच्या मुलांना आता नेहमीचा गृहपाठ देत नाही. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसायचे आणि घरातला सर्वांत जुना कागद शोधायचा. पत्र, लग्नपत्रिका, किराणा दुकानाची चोपडी, कोणत्याही लिपीतले काहीही. तो वाचता आला तर उतरवून आणायचा. वाचता आला नाही तर जपून ठेवायचा आणि मला येऊन सांगायचे. गेल्या वर्षी एक मुलगी आली. तिच्या पणजीच्या पेटीत मोडीतले एक पत्र निघाले होते. आम्ही दोघांनी शाळेच्या पायरीवर बसून ते लावले. त्यात फारसे काही नव्हते. म्हैस व्याली, पाऊस बरा आहे, दिवाळीला येणे.

ते पत्र मी तिला परत दिले तेव्हा ती ते घडी घालून दप्तरात कोंबू लागली. मी तिला थांबवले आणि माझ्या कपाटातून एक लाल फडके काढून त्यात ते बांधून दिले. चाळीस वर्षे ते फडके रिकामेच होते.